देणारा श्रोता आणि ऐकणारा श्रोता

१

वाङ्मयेतिहासात आश्रयाचा विचार करताना आपण राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन संज्ञा पुष्कळदा वापरतो. दरबारी पंडितकाव्याला राजाश्रय होता, संतांची वाणी लोकाश्रयाने टिकली, आणि मुद्रण आल्यावर लेखकाचा आश्रयदाता म्हणून वाचक पुढे आला, असा त्या विवेचनाचा साधारण क्रम असतो. या क्रमात नभोवाणीला मात्र जागा मिळालेली नाही. विसाव्या शतकात भारतीय भाषांतील फार मोठा शब्दव्यवहार या माध्यमातून झाला. पण तो कोणाच्या आश्रयाने झाला आणि त्या आश्रयाचा भाषेवर काय परिणाम झाला, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले. याचे कारण उघड आहे. १९२७ साली मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी श्रोत्यांच्या परवानाशुल्कातील वाट्यावर जगू पाहत होती, आणि १९३० साली ती गुंडाळावी लागली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे आपल्याकडे नभोवाणी म्हणजे सरकारी खाते हे समीकरण कायम राहिले. आश्रयदाता एकच असला म्हणजे आश्रयाची चर्चा संभवत नाही.

म्हणून या प्रश्नाचा विचार करू इच्छिणाऱ्याला दृष्टी बाहेर वळवावी लागते. प्रस्तुत लेखात एका ख्रिस्ती नभोवाणी केंद्राचा इतिहास विचारार्थ घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या कीटो या राजधानीत १९३१ साली सुरू झालेले हे केंद्र ‘एच.सी.जे.बी.’ या अक्षरांनी जगभर ओळखले जाते. त्याने जाहिरात घेतली नाही आणि सरकारच्या अनुदानावरही ते जगले नाही. श्रद्धावंतांच्या ऐच्छिक देणग्यांवर ते चालले. या अर्थाने ते लोकाश्रित होते. परंतु लोकाश्रयातील ‘लोक’ कोण, हा प्रश्न या केंद्राच्या इतिहासात जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल. माझे प्रतिपादन असे की, या इतिहासात देणारा, लिहिणारा आणि केवळ ऐकणारा असे तीन श्रोते आहेत. केंद्राच्या हिशेबात पहिल्या दोघांची नोंद झाली, तिसऱ्याची झाली नाही. आणि भारतीय भाषांचे अभ्यासक म्हणून आपणही तिसऱ्या श्रोत्याला याच रीतीने वगळत आलो आहोत.

२

श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे धार्मिक केंद्र ही कल्पना अमेरिकेतील विशिष्ट परिस्थितीतून निघाली. पिट्सबर्ग येथील केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंप्रार्थना ध्वनिक्षेपित केली. नियमित ध्वनिक्षेपण सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पुढील चारपाच वर्षांत चर्चच्या आणि धर्मशिक्षणसंस्थांच्या मालकीची अनेक केंद्रे निघाली. सेंट लुई येथील लुथरपंथी विद्यालयाचे केंद्र १९२४ सालचे, तर शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचे केंद्र जुलै १९२६ मधले.

या उत्साहाला लवकरच लगाम बसला. १९२७ च्या कायद्याने नेमलेल्या नियामक आयोगाने विशिष्ट मताचा प्रचार करणाऱ्या केंद्रांपेक्षा सर्वसाधारण करमणुकीच्या केंद्रांना झुकते माप दिले. मोठ्या प्रसारणजाळ्यांपैकी एन.बी.सी.ने धार्मिक कार्यक्रमांना वेळ विकत न देण्याचे धोरण ठेवले आणि प्रतिष्ठित, सर्वमान्य संप्रदायांना तो विनामूल्य दिला. १९३१ मध्ये सी.बी.एस.नेही हाच मार्ग धरला. त्यामुळे ज्यांना प्रतिष्ठा नव्हती अशा पुनरुज्जीवनवादी प्रॉटेस्टंट गटांपुढे दोनच वाटा उरल्या: अन्यत्र वेळ विकत घेणे किंवा स्वतःचे केंद्र चालवणे. दोन्हींसाठी पैसा श्रोत्यांकडेच मागावा लागे. श्रोत्यांच्या आश्रयाची ही पद्धत तात्त्विक निवडीपेक्षा अडचणीतून जन्मली हे लक्षात ठेवले पाहिजे.

तरीही ती पद्धत एकदा रुळल्यावर तिने एक विशिष्ट भाषा घडवली. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्राचा निवेदक श्रोत्याला गिऱ्हाईक समजून बोलतो. सरकारी केंद्राचा निवेदक त्याला नागरिक समजून माहिती देतो. देणगीवर चालणाऱ्या केंद्राच्या निवेदकाला मात्र श्रोत्याशी नाते जोडावे लागते, ते रोज नव्याने जोडावे लागते, आणि तो नाते मोडू शकतो याची जाणीव ठेवून बोलावे लागते. श्रोत्याचे पत्र वाचून दाखवणे, त्याच्या दुःखासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे, खर्चाची तूट उघड सांगणे, आभार मानणे हे सारे या भाषेचे घटक होत. मराठी वाचकाला येथे कीर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कीर्तनकार श्रोत्यांना संत म्हणतो, त्यांच्या पायी मस्तक ठेवतो, आणि शेवटी आरतीचे ताट फिरते. बुवांची बिदागी त्या ताटावर अवलंबून असते, आणि ते ताट निरूपण कसे झाले याचा निवाडाही करते. मराठी ख्रिस्ती समाजाने कीर्तनाचा प्रकार आपलासा केला तो काही केवळ चालींसाठी नव्हे. श्रोता आणि वक्ता यांच्यातील हे नाते त्या प्रकाराबरोबरच येते.

पण कीर्तनात एक गोष्ट गृहीत असते. ताटात पैसा टाकणारा आणि कथा ऐकणारा एकाच मांडवात बसलेले असतात, आणि त्यांची भाषा एक असते. शिकागोच्या केंद्रालाही हे बव्हंशी लागू होते. कीटोच्या केंद्राला ते लागू होत नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे.

३

क्लॅरेन्स जोन्स हा या केंद्राचा प्रमुख संस्थापक. तो मूडी इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी आणि ट्रॉम्बोन हे वाद्य वाजवणारा कुशल वादक. शिकागोतील पॉल रेडर या धर्मोपदेशकाच्या नभोवाणी कार्यक्रमांत तो संगीताची बाजू सांभाळत असे. १९२८ साली त्याने व्हेनेझुएला, कोलंबिया, पनामा व क्यूबा या देशांचा दौरा केला. केंद्राला परवानगी कोठेच मिळाली नाही. शेवटी इक्वेडोरमध्ये आधीपासून काम करणाऱ्या रूबेन लार्सन प्रभृती मिशनऱ्यांच्या खटपटीने १९३० साली तेथील सरकारने पंचवीस वर्षांचा करार दिला. विषुववृत्ताजवळ, चहूबाजूंनी पर्वत असलेल्या ठिकाणी केंद्र उभारू नये असा तंत्रज्ञांचा सल्ला होता. तो बाजूस सारून २५ डिसेंबर १९३१ रोजी, मेंढ्यांच्या गोठ्याची डागडुजी करून केलेल्या जागेतून, दोनअडीचशे वॉटच्या यंत्रावर पहिले ध्वनिक्षेपण झाले. त्या दिवशी सबंध देशात रेडिओसंच बोटांवर मोजण्याइतकेच होते.

म्हणजे ज्यांच्या आश्रयावर केंद्र चालायचे ते श्रोते केंद्राच्या परिसरात नव्हतेच. पैसा उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांकडून येत होता, तोही जागतिक मंदीच्या काळात. केंद्राच्या नावातच हे द्वैत दिसते. ‘एच.सी.’ ही इक्वेडोरला आंतरराष्ट्रीय संकेताने नेमून दिलेली अक्षरे. पुढे दोन अक्षरे जोडून त्यांचा स्पॅनिश विग्रह ‘होय क्रिस्तो हेसूस बेन्दीसे’, म्हणजे ‘आज ख्रिस्त येशू आशीर्वाद देतो’, असा करण्यात आला आणि त्याच अक्षरांत बसणारे एक इंग्रजी वाक्यही योजले गेले. एक विग्रह ऐकणाऱ्यासाठी आणि दुसरा देणाऱ्यासाठी, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९४० साली १०,००० वॉटचे यंत्र बसल्यावर केंद्राचा आवाज खंडांपलीकडे जाऊ लागला. त्या यंत्राने एक अनपेक्षित अडचण उभी केली. सुमारे २,८०० मीटर उंचीवरील विरळ हवेत आकाशतारेच्या उघड्या टोकांशी विद्युत्प्रवाह विसर्जित होऊन टोके झळाळू लागत आणि वितळून जात. क्लॅरेन्स मूर या अभियंत्याने टोकच नसलेली, चौकोनी बंद वेटोळ्याची आकाशतार बनवून ती अडचण दूर केली. हा आराखडा पुढे जगभरच्या हौशी रेडिओचालकांनी स्वीकारला. यानंतर भाषांचा पसारा वाढत गेला. १९४१ मध्ये रशियन, १९६४ मध्ये जपानी, आणि मधल्या व पुढील काळात युरोपातील अनेक भाषांतून कार्यक्रम होऊ लागले. पिफो येथे आकाशतारांचे मोठे केंद्र उभे राहिले. केंद्राने स्वतःची जलविद्युत् उभारली, रुग्णालये चालवली. देणगीच्या पैशावर इतका मोठा उद्योग दीर्घकाळ चालावा ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय देणाऱ्यांना दिलेच पाहिजे.

४

या बहुभाषिक पसाऱ्यात एक भाषा वेगळी होती. ती म्हणजे आन्देस पर्वतातील मूळ रहिवाशांची किच्वा. स्थापनेनंतर लवकरच, १९३० नंतरच्या दशकातच, या केंद्रावरून किच्वा भाषेतील कार्यक्रम सुरू झाले. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या इक्वेडोरची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राबण्याच्या बदल्यात मूळ रहिवाशांना कसण्यापुरता जमिनीचा तुकडा मिळे. त्या तुकड्याला ‘वासिपुंगो’ म्हणत. ही वेठ १९६४ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत चालली. निरक्षरांना मताधिकार १९७९ पर्यंत नव्हता. आणि साक्षरता स्पॅनिश भाषेतील साक्षरता होती. अशा समाजाची भाषा सार्वजनिक ठिकाणी उच्चारली जाणे हीच मुळात नवलाची गोष्ट होती.

तुलनात्मक वाङ्मयाच्या अभ्यासकांना होर्खे इकासा यांची ‘वासिपुंगो’ ही १९३४ सालची कादंबरी परिचित असेल. या वेठीचे भीषण चित्र तिने जगापुढे मांडले आणि लॅटिन अमेरिकेच्या वाङ्मयेतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले. तिचा विषय असलेला माणूस ती वाचू शकत नव्हता. ती त्याच्याविषयी होती, त्याला उद्देशून नव्हती. त्याच सुमारास त्याच राजधानीतून एक परकीय धर्मसंस्था त्याला उद्देशून, त्याच्या भाषेत बोलू लागली होती. तिचा हेतू त्याचे धर्मांतर हा होता, आणि तिने तो कधी लपवला नाही. वाङ्मयेतिहासाने या दोन घटनांपैकी पहिलीची नोंद घेतली आणि दुसरीची घेतली नाही. कादंबरीच्या गुणवत्तेविषयी येथे वाद नाही. वाद नोंदीच्या निकषाविषयी आहे.

अर्थात या दुसऱ्या घटनेचे मूल्य फुगवून सांगण्याचेही कारण नाही. आरंभीच्या वर्षांत वासिपुंगोवर राबणाऱ्याच्या झोपडीत रेडिओ असण्याची शक्यता नव्हती. किच्वा आवाज उठला तेव्हा त्याला किच्वा कान जवळजवळ नव्हता. तो मिळाला तो १९५० नंतर, स्वस्त ट्रान्झिस्टर आल्यावर. तोपर्यंत अन्य प्रयत्नही सुरू झाले होते. रिओबाम्बाचे कॅथलिक बिशप लिओनिदास प्रोआन्यो यांनी १९६२ साली नभोवाणीशाळा काढल्या आणि त्यांतून मूळ रहिवाशांच्या साक्षरतेचे काम केले. दोन पंथांची ही चढाओढ होती. पण तिच्यातून एक भाषा सार्वजनिक झाली. पुढे चिंबोरासो प्रांतातील किच्वा ख्रिस्ती मंडळ्या स्वतःची स्थानिक केंद्रे चालवू लागल्या, आणि देणारा व ऐकणारा तेथे प्रथमच एका मांडवात आले. २००८ च्या राज्यघटनेने किच्वा भाषेला आंतरसांस्कृतिक व्यवहाराची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेचे श्रेय नभोवाणीला देणे धाडसाचे होईल, कारण तिच्यामागे मूळ रहिवाशांचा प्रदीर्घ राजकीय लढा आहे. एवढे मात्र खरे की घटनेने मान्य करण्यापूर्वी कित्येक दशके ही भाषा हवेत होती.

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लघुलहरींवरील केंद्राला आपले कार्यक्रम कोण ऐकतो हे कळण्यास साधन नसते. ध्वनिक्षेपण झाले की शब्द डोंगरापलीकडे जातात आणि मग शांतता असते. ती शांतता मोडणारी एकच गोष्ट म्हणजे श्रोत्याचे पत्र. म्हणून मिशनरी नभोवाणीच्या साऱ्या व्यवहारात पत्राला अनन्यसाधारण महत्त्व आले. किती पत्रे आली, कोठून आली, त्यांत काय लिहिले होते, हे देणगीदारांना कळवले जाई. त्यावरून कोणता कार्यक्रम चालू ठेवायचा हेही ठरे. देणगीदाराचा पैसा आणि श्रोत्याचे पत्र ही या व्यवहारातील दोन नाणी होत, आणि पहिल्याची किंमत दुसऱ्याने सिद्ध करावी लागे.

पत्राचा हा व्यवहार सर्व भाषांत सारखा चालत नाही. कीटोच्या इंग्रजी विभागाने १९६१ साली लघुलहरी ऐकण्याचा छंद असणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. तो दीर्घकाळ अतिशय लोकप्रिय होता. दूरचे केंद्र पकडणे, त्याची वेळ व स्पष्टता टिपून कळवणे आणि केंद्राकडून सचित्र पोचपत्र मिळवणे हा या छंदाचा गाभा. हा श्रोता उत्कृष्ट पत्रलेखक होता. उपदेशाशी त्याला कर्तव्य असो वा नसो, त्याचे पत्र पिशवीत पडे आणि मोजले जाई. आपल्याकडेही याचे एक निरागस रूप होऊन गेले. रेडिओ सिलोन आणि विविध भारती यांच्या फर्माइशींमुळे बिहारातील (आता झारखंडातील) झुमरी तिलैया हे गाव देशभर दुमदुमले. त्या गावातील माणसे इतर गावांपेक्षा अधिक ऐकत होती असे कोणी म्हणणार नाही; ती अधिक लिहीत होती.

आता याच्या दुसऱ्या टोकाला असलेला श्रोता पाहावा. आन्देसमधल्या उंच वस्तीत पहाटे शेतावर जाण्यापूर्वी किच्वा कार्यक्रम ऐकणारी निरक्षर स्त्री पत्र लिहिणार कसे? कोणी लिहून दिलेच तर ते स्पॅनिशमध्ये लिहिले जाणार, कारण लिहिता येणाऱ्याला लिहिण्यासाठी तीच भाषा शिकवली गेली होती. पत्र लिहिले तरी तिच्या भाषेचा पुरावा त्यात उरत नाही, आणि न लिहिले तर तिचे ऐकणेच शून्य ठरते. नभोवाणी हे अक्षरशून्याचे माध्यम आहे असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात या माध्यमाच्या हिशेबाची वही साक्षराने लिहिलेली आहे. मौखिक भाषा बोलणाऱ्यांसाठी उभारलेल्या यंत्रणेने आपले यश लेखनाच्या मापाने मोजावे, यातील विसंगती या केंद्राच्या इतिहासाचा मला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो.

३० सप्टेंबर २००९ रोजी पिफोचे आंतरराष्ट्रीय लघुलहरी प्रसारण थांबले. कीटोचा नवा विमानतळ जवळ होत असल्याने आकाशतारांचे मनोरे काढणे भाग होते; लघुलहरी ऐकणाऱ्यांची संख्याही ओसरत चालली होती. जगभरच्या छांदिष्टांनी त्या दिवशी हळहळ व्यक्त केली आणि त्यांची हळहळ नोंदली गेली. केंद्र मात्र पूर्ण बंद पडले नाही. देशांतर्गत प्रसारण चालू राहिले. म्हणजे परदेशी श्रोत्यांसाठीची महायंत्रणा गेली आणि जो मुळात जवळचा श्रोता होता तोच शेवटी उरला.

६

हा इतिहास दूरचा वाटत असेल तर तो भारतीय भाषांपर्यंत कसा येऊन पोचतो ते सांगितले पाहिजे. १९८५ साली कीटोच्या संस्थेसह प्रमुख मिशनरी नभोवाणी संस्थांनी एक संयुक्त संकल्प जाहीर केला: दहा लाखांहून अधिक लोक बोलतात अशी प्रत्येक भाषा २००० सालापर्यंत ध्वनिक्षेपणाच्या कक्षेत आणायची. त्यासाठी भाषांच्या याद्या झाल्या. त्या याद्यांत भारतीय उपखंडाचा वाटा मोठा असणे अपरिहार्य होते. तत्पूर्वीच, १९७० पासून, ‘फेबा’ ही संस्था हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून, समुद्रातील प्रवाळखडकांवर रोवलेल्या आकाशतारांच्या साह्याने, हिंदी, तमिळ, तेलुगू आदी भाषांत कार्यक्रम पाठवत होती. ते लघुलहरी प्रसारण २००३ पर्यंत चालले. त्याच वर्षी एच.सी.जे.बी.च्या ऑस्ट्रेलियातील शाखेने कुनुनुरा येथून आशियासाठी प्रसारण सुरू केले. त्याच्या भारतीय भाषांत हिंदीबरोबर भोजपुरी, छत्तीसगढी, मारवाडी आणि कुरुख यांचा समावेश झाला.

ही चार नावे या नियतकालिकाच्या वाचकांनी क्षणभर थांबून पाहावीत. यांपैकी एकही भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पहिल्या तीन भाषा जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजल्या जातात. मारवाडीला निदान राजस्थानी या नावाखाली साहित्य अकादमीच्या मान्यतेचा आसरा आहे. कुरुख ही उराँव समाजाची द्राविडकुलीन भाषा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिचे भाषक सुमारे वीस लाख आहेत. ज्या भाषांना आपल्या विद्यापीठांतील वाङ्मयविभागांत क्वचितच स्थान मिळते त्या भाषांत रोज बोलण्याची गरज परदेशातील एका धर्मसंस्थेला वाटली, आणि तिचा खर्च त्या भाषांचा एक शब्दही न जाणणाऱ्या देणगीदारांनी सोसला. याचा आपल्याला विषाद वाटायचा असेल तर तो त्या संस्थेच्या हेतूंविषयी वाटण्याआधी स्वतःच्या यादीविषयी वाटावा.

दहा लाखांच्या मापावर टीका करता येईल. नऊ लाखांची भाषा गप्प का, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपण स्वतः कोणते माप वापरतो? १९७१ पासून जनगणनेने दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे प्रसिद्ध करणे थांबवले. आठव्या अनुसूचीत प्रवेश कोणत्या मापाने मिळतो हे निश्चितपणे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक यादीमागे एक आश्रयदाता असतो आणि यादीचे माप त्याच्या गरजेतून ठरते. मिशनरी नभोवाणीने आपले माप निदान उघड सांगितले होते.

७

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. हे सारे प्रचारसाहित्य आहे. बाहेरच्या पैशाने, बाहेरच्या हेतूने चाललेल्या प्रसारणाचा वाङ्मयाशी संबंध काय? भारतात १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरली, पुढे खाजगी एफ.एम. केंद्रे आली, पण परवान्याच्या अटींत धार्मिक संस्थांना अपात्र ठेवण्यात आले. बहुधर्मीय देशात त्यामागे विचार आहे. परवान्याचा प्रश्न मात्र शासनाचा आहे. अभ्यासाला परवाना लागत नाही.

पंथनिष्ठ म्हणून वाङ्मय वगळायचे ठरवले तर मराठीचा आरंभच वगळावा लागेल. फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘क्रिस्तपुराण’ धर्मांतरितांच्या उपदेशासाठीच रचले गेले, आणि तेही मुख्यतः ऐकवण्यासाठी. पंडिता रमाबाईंनी सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. ऐकणारी किंवा वाचणारी कोण, हा प्रश्न त्यांनी भाषेच्या निवडीपूर्वी विचारला होता. नभोवाणीच्या लेखकांनी तो विचारला की नाही, छापील बायबलची ग्रांथिक मराठी तशीच ध्वनिक्षेपकासमोर वाचली गेली की बोलीने तिला वाकवले, हे तपासण्याजोगे प्रश्न आहेत. ते तपासण्यासाठी संहिता, ध्वनिफिती आणि पत्रे हाती असावी लागतात. लघुलहरी केंद्रे एकेक करून बंद पडत असताना हे साहित्य कोणाच्या लक्षात नसलेल्या कपाटांत पडून नाहीसे होण्याचा धोका आहे. भारतीय भाषांच्या विभागांनी संबंधित संस्थांशी बोलून ते मिळवावे, त्याची सूची करावी, आणि हेतूंविषयीचा मतभेद कायम ठेवून त्याचा अभ्यास करावा.

परंतु एवढ्याने भागणार नाही. पत्रे जमवली म्हणजे आपण पुन्हा लिहिणाऱ्या श्रोत्यापाशीच थांबू. केवळ ऐकणाऱ्यापर्यंत जायचे तर त्याच्या दारी गेले पाहिजे. ही रीत आपल्याला परकी नाही. श्रीचक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, ते बोलले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी ते बोलणे ऐकले होते त्यांना गाठून, विचारून, पडताळून एकेक लीळा मिळवली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ ऐकणाऱ्यांच्या स्मरणातून उभा राहिला आहे. कुरुख वा छत्तीसगढी कार्यक्रम ऐकलेल्या माणसांना आज त्यांतले काय आठवते, कोणता शब्द खटकला होता, कोणते गाणे शेतात गायले गेले, कोणत्या क्षणी रेडिओ बंद केला गेला, हे विचारणारे म्हाइंभट आपल्या विभागांतून निघतील काय? ज्या श्रोत्यांना विचारायचे ते आता वृद्ध होत चालले आहेत. त्यांनी देणगी दिली नाही, पत्र लिहिले नाही, म्हणून त्यांचे नाव कोणत्याही वहीत नाही. ते शोधण्याचे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही.